उपनगर एका दमात वसतं आणि एका दमातच म्हातारं होतं

टेकडीवरचा :

छोट्या उपनगरी शहराचा विषय निघाला की लोक एकच विचारतात, लोकसंख्या वाढतेय का घटतेय? वाढली तर शहर जोरात, घटली तर बुडालं. मला हा प्रश्नच अपुरा वाटतो, म्हणून हा धागा काढतोय.

सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण घेऊ. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर बटाट्याची शेतं होती. तिथं १९४७ ते १९५१ या काळात लेव्हिट अँड सन्स या बिल्डरने १७,४४७ घरं उभी केली. तेच लेव्हिटटाऊन. १९६० च्या जनगणनेत तिथं ६५ हजारांवर माणसं होती. २०२० मध्ये ती ५२ हजारांच्या आत आली. आता या मधल्या काळात घरं कोणी पाडली का? नाही. उलट बहुतेकांनी माळे चढवले, मागे खोल्या काढल्या. घरं तेवढीच, तीही आधीपेक्षा मोठी, आणि माणसं तेरा हजारांनी कमी.

ती पळून गेली नाहीत. युद्धावरून परतलेले तरुण, नवी लग्नं, पदरी एक-दोन पोरं, अशी सगळी कुटुंबं चार-पाच वर्षांत एकदम राहायला आली. पोरं मोठी झाली, शिकली, बाहेर पडली. आईबाप तिथंच राहिले. अमेरिकेत १९६० साली एका घरात सरासरी ३.३ माणसं राहत, आता अडीचच्या आसपास राहतात. एवढ्या फरकाने अख्ख्या गावाचा आकडा खाली येतो.

जुन्या शहरात सगळ्या वयाची माणसं मिसळलेली असतात, कारण ते शंभर-दोनशे वर्षांत थोडं थोडं वाढलेलं असतं. उपनगर एका दमात भरतं. तिथले रहिवासी म्हणजे एका इयत्तेची पोरं. सगळ्यांना बालवाडी एकाच वेळी लागते, हायस्कूल एकाच वेळी आणि गुडघ्याचा डॉक्टरही एकाच वेळी. पालिका मात्र दर वेळी दहा वर्षं उशिरा जागी होते. शाळा बांधून होईस्तोवर पोरं कॉलेजात गेलेली असतात.

माझं म्हणणं एवढंच, की छोट्या उपनगराची दशा ओळखायला दोन गोष्टी पुरतात : ते किती वर्षांत भरलं आणि त्याची तिजोरी कशावर चालते. दुसरीबद्दल मला फारसं कळत नाही. जाणकारांनी लिहावं.

मीनल_ :

धागा आवडला. एक शंका. माणसं कमी होत असतील तर घरांची मागणीही कमी व्हायला हवी ना? प्रत्यक्षात अशा ठिकाणी नवीन घरं बांधतच असतात आणि तरी टंचाईची ओरड चालू असते.

टेकडीवरचा :

मीनलताई, साधा भागाकार करा. साठ हजार वस्तीला घरटी चार माणसं धरली तर पंधरा हजार घरं लागतात. घरटी अडीच धरली तर चोवीस हजार. लोकसंख्येत एकाचीही भर न पडता नऊ हजार घरं जास्त लागली. म्हणून "लोकसंख्या स्थिर आहे, नवीन बांधकाम कशाला?" असा सवाल सभेत कोणी केला की टाळ्या पडतात, पण गणित चुकलेलं असतं.

शिवाय एक माणूस आणि चार खोल्या, अशी घरंही अडकून राहतात. एकट्या राहिलेल्या आजींना लहान घरात जायचं असतं, पण गावात लहान घर नसतंच. सगळी घरं १९५० च्या चौकोनी कुटुंबाच्या मापाची.

अवकाळी :

गुडघ्याचा डॉक्टर एकाच वेळी :)) आमच्या आळीचं वर्णन झालं.

ऋतुपर्ण :

लेव्हिटटाऊनची गोष्ट अर्धीच सांगितलीत. तिथं कोणाला *येऊ दिलं नाही* तेही सांगा. सुरुवातीच्या करारांत स्पष्ट कलम होतं की हे घर गोऱ्या वंशाखेरीज कोणाला वापरायला देता येणार नाही. घरकर्जाला सरकारी हमी देणाऱ्या खात्यालाही ते चालत होतं. १९४८ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशी कलमं कोर्टाकडून राबवून घेता येणार नाहीत असा निकाल दिला, तरी बिल्डरने धोरण बदललं नाही. पेनसिल्व्हेनियातल्या दुसऱ्या लेव्हिटटाऊनमध्ये १९५७ साली पहिलं कृष्णवर्णीय कुटुंब आलं तेव्हा घराबाहेर जमाव जमून दगडफेक झाली.

तेव्हा "एका दमात वसलं" म्हणताना त्या दमात कोण होतं हेही मोजायला हवं. एकाच वयाची, एकाच उत्पन्नाची आणि एकाच रंगाची माणसं निवडून भरली होती.

टेकडीवरचा :

ऋतुपर्ण, सहमत. वय, उत्पन्न आणि वंश या तिन्ही चाळण्या एकत्रच लागल्या होत्या.

जमाखर्च :

तिजोरीबद्दल मी लिहितो. आयुष्य लेखापरीक्षणात गेलं, त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

छोट्या शहराकडे पैसा येतो तो साधारण घरपट्टी, विक्रीवरच्या कराचा वाटा, वरच्या सरकारचं अनुदान आणि फी-दंड यांतून. यातल्या कशावर किती भार आहे त्यावरून ते शहर कोणत्या माणसांना हवंसं मानतं ते ठरतं. हे कुठल्या ठरावात लिहिलेलं नसतं, पण अर्थसंकल्प नीट पाहिला की दिसतं.

कॅलिफोर्नियाचं घ्या. लेकवुड हे उपनगर १९५० ते १९५३ मध्ये साडेसतरा हजार घरांचं झालं आणि १९५४ मध्ये स्वतंत्र शहर बनलं. पण त्यांनी पोलीस, अग्निशमन, रस्ते यांपैकी फारसं काही स्वतः उभं केलं नाही. सगळं लॉस एंजलिस काउंटीकडून, म्हणजे जिल्ह्याकडून, कंत्राटाने विकत घेतलं. म्हणजे शहराचा दर्जा आपला, जमिनीच्या वापराचे अधिकार आपले आणि राबणारी माणसं दुसऱ्याची. त्यानंतर विक्रीकरातला वाटा, जिथं विक्री झाली त्या शहराला मिळू लागला. मग आजूबाजूच्या गावांनी शहर व्हायची रांगच लावली.

त्यात एक नमुना आहे, सिटी ऑफ इंडस्ट्री. नावातच सगळं आलं. १९५७ मध्ये शहर स्थापन करताना पुरेशी माणसं भरेनात, म्हणून हद्दीतल्या मनोरुग्णालयातले १६९ रुग्ण आणि ३१ कर्मचारी धरून संख्या पुरी केली! २०१० च्या जनगणनेत तिथं राहणारे होते २१९. कारखाने, गोदामं, दुकानं मात्र हजारांत. पट्टी आणि विक्रीकर या शहराला आणि कामगारांची पोरं शेजारच्या शहरांच्या शाळांत. इथं लोकसंख्येचा कल काय सांगणार, कपाळ?

पुढे १९७८ मध्ये जनमताने प्रपोझिशन १३ आलं. घरपट्टी किमतीच्या एक टक्क्यावर बांधली. करासाठीची किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढवायची नाही, घर विकलं गेलं की नव्याने मोजायची. आता शेजारी शेजारी दोन सारखी घरं धरा. एकात १९७५ पासून राहणारे आजोबा, दुसऱ्यात काल आलेलं तरुण जोडपं. गटार तेच, दिवे तेच आणि जोडप्याची पट्टी आजोबांच्या कित्येक पट. एक बाई याविरुद्ध सुप्रीम कोर्टापर्यंत गेल्या. १९९२ मध्ये कोर्टाने कायदा कायम ठेवला.

परिणाम काय झाला ते बघा. जुना माणूस हलेनासा झाला, कारण हलला की बहुतेकदा स्वस्त पट्टी जात असे. आणि पालिकेला नवीन घरांत रस उरत नाही. घर म्हणजे शाळा, पाणी, कचरा, आयुष्यभराचा खर्च. मोटारींचं शोरूम किंवा मॉल म्हणजे विक्रीकराचा वाटा, आणि मॉलला पोरं होत नाहीत. त्यामुळे रिकाम्या भूखंडावर घरं की शोरूम असा प्रश्न आला की उत्तर आधीच ठरलेलं. टेकडीवरचे म्हणतात ते वय वाढणं कुटुंब लहान झाल्यामुळे झालं हे खरं, पण करपद्धतीनेही त्याला हातभार लावला.

अवकाळी :

मॉलला पोरं होत नाहीत हे पालिकेच्या दारावर लिहून ठेवायला हवं.

सुमेध :

जमाखर्चकाका, फी-दंडाचा उल्लेख तुम्ही नुसता ओझरता केलात. माझ्या मते छोट्या उपनगराचं खरं रूप तिथं दिसतं.

मिसुरीतलं फर्ग्युसन, सेंट लुइसचं उपनगर. २०१० मध्ये वस्ती एकवीस हजार. १९९० मध्ये तिथं कृष्णवर्णीय पंचवीस टक्के होते, २०१० मध्ये सदुसष्ट टक्के. वीस वर्षांत अख्खं गाव पालटलं, पण पोलीस आणि पालिकेतली माणसं जवळजवळ सगळी गोरीच राहिली. २०१४ मध्ये मायकेल ब्राउन या तरुणावर पोलिसाने गोळी झाडल्यावर हे शहर जगाला कळलं. पुढच्या मार्चमध्ये न्याय खात्याचा अहवाल आला. त्यात सगळ्यात बोचरी गोष्ट पैशाचीच आहे. शहराचा वित्त अधिकारी पोलीस प्रमुखाला लिहून कळवतो की वर्ष संपायच्या आत दंडाच्या पावत्या वाढल्या नाहीत तर पुढच्या वर्षी वसुली वाढवणं अवघड जाईल. म्हणजे गुन्हा घडायच्या आधी दंड अंदाजपत्रकात धरलेला!

ही वेळ का येते? सेंट लुइस शहर १८७६ सालीच काउंटीपासून वेगळं झालं. काउंटीत पुढे नव्वदच्या आसपास चिमुकल्या पालिका झाल्या. कोणाकडे मॉल, कोणाकडे नुसती जुनी घरं. ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांनी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाच्या खिशात हात घातला. मोडका दिवा, अंगणातलं वाढलेलं गवत, कशावरही पावती. २०१५ मध्ये राज्याने कायदा करून शहराच्या उत्पन्नात रहदारीच्या दंडाचा वाटा किती असावा याची मर्यादा ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मर्यादा घालावी लागली यातच सगळं आलं.

सुलभाताई :

सगळं वाचलं. माझा मुद्दा वेगळा आहे. तुम्ही मंडळी म्हाताऱ्यांकडे शहराला लागलेली कीड असल्यासारखं बघताय असं मला वाटतं. मी सत्तरीची आहे, म्हणून जरा बोलते.

आमचं घराचं कर्ज फिटलेलं असतं. पेन्शन मंदीतही येते. आम्ही सकाळच्या गर्दीच्या गाडीला चढत नाही, दिवसभर गावातच असतो, त्यामुळे गावातला डॉक्टर, केमिस्ट, वाचनालय, दुरुस्तीवाला आमच्यावर चालतो. तरुण कमावतात दुसऱ्या शहरात आणि खर्चही करतात तिथंच. शाळेचा खर्च आमच्यामागे नाही. मग पालिकेचं नुकसान नक्की कशात आहे?

टेकडीवरचा :

सुलभाताई, कीड अजिबात म्हणायचं नव्हतं. तुमचा गर्दीच्या गाडीचा मुद्दा तर आकड्यांतही दिसतो. जपानच्या जनगणनेत प्रत्येक शहराची रात्रीची आणि दिवसाची लोकसंख्या वेगवेगळी काढतात. राहणाऱ्यांतून कामाला-शिकायला बाहेर जाणारे वजा करायचे आणि बाहेरून येणारे मिळवायचे. उपनगरात दिवसाचा आकडा रात्रीपेक्षा बराच खाली असतो. लोक निवृत्त झाले की तो हळूहळू वर येतो. दुपारी ओस पडणारा रस्ता जिवंत होतो. कोविडनंतर घरून काम करणाऱ्यांनीही त्यात भर घातली.

अडचण म्हातारपणाची नाही, ते सगळ्यांना एकाच वेळी येण्याची आहे.

कावेरी :

ही अडचण कशी दिसते ते बघायचं तर टोकियोजवळचं तामा न्यू टाऊन. याबद्दल मी बरंच वाचलंय.

१९६५ मध्ये आराखडा मंजूर झाला, १९७१ च्या मार्चमध्ये सुवा आणि नागायामा या भागांत पहिली कुटुंबं आली. तीन लाखांवर लोक राहतील असा अंदाज होता, प्रत्यक्षात सव्वादोन लाखांच्या आसपासच राहिले. पहिली तीन वर्षं रेल्वेच नव्हती, १९७४ मध्ये आली. आणि गंमत बघा, पहिली घरं भरताच पालिकेने पुढचं बांधकाम अडवून धरलं. एवढ्या पोरांच्या शाळांचा खर्च त्या लहानशा पालिकेला पेलवेना. म्हणजे सुलभाताईंचं बरोबर आहे, सुरुवातीला महाग पडले ते तरुणच!

आता त्या इमारती बघा. पाच मजले, लिफ्ट नाही. एका जिन्याला दर मजल्यावर समोरासमोर दोन दारं, म्हणजे एका जिन्यावर दहा घरं. तिशीतल्या जोडप्याला पाचवा मजला म्हणजे उजेड आणि वारा. तेच जोडपं पंचाहत्तरीला पोचलं की आठवड्याचं सामान वर कसं न्यायचं हा प्रश्न. लिफ्ट बसवायची तर प्रत्येक जिन्याला वेगळी, कारण मजल्यावर सलग व्हरांडा नाही. दहा घरांत एका लिफ्टचा खर्च वाटायचा, आणि तळमजल्यावरचे म्हणणार आम्हाला कशाला. शिवाय ही घरं टेकडीच्या उतारावर. इमारतीतून उतरलात तरी रस्त्यावर पायऱ्या आहेतच.

सुवामधल्या एका वसाहतीने मार्ग काढला. अशा २३ इमारतींत ६४० घरं होती. ती सगळी पाडून २०१३ मध्ये सात उंच इमारतींत १,२४९ घरं झाली. जुन्यांना नवीन घर मिळालं आणि जास्तीची घरं बाहेरच्यांना विकली. त्यात लहान पोरांची कुटुंबं आली. एका फटक्यात वयाचं मिश्रण झालं.

मीनल_ :

मग सगळीकडे असंच का नाही करत?

कावेरी :

पाडून नव्याने बांधायला पाचातल्या चार मालकांची संमती लागत होती. सुवामध्ये चर्चा सुरू झाल्यापासून इमारती पडेपर्यंत वीसहून जास्त वर्षं गेली. शिवाय जास्तीची घरं विकत घ्यायला बाहेर गिऱ्हाईक हवं. स्टेशनपासून लांब असलेल्या वसाहतीत ते मिळत नाही, आणि मिळालं नाही की सगळा हिशोब कोसळतो.

सुमेध :

गिऱ्हाईक ओढून आणायचंच तर नागारेयामासारखं. तेही टोकियोच्याच परिसरात, चिबा प्रांतात. २००५ मध्ये त्सुकुबा एक्स्प्रेस सुरू झाली आणि गावातून टोकियोतलं अकिहाबारा पंचवीस मिनिटांवर आलं. नुसत्या रेल्वेवर ते थांबले नाहीत. पालिकेत मार्केटिंगचं वेगळं खातं काढलं. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, २००७ पासून स्टेशनजवळ मुलं सोडायचं केंद्र. सकाळी आईबाप पोराला तिथं सोडून गाडी पकडतात, पालिकेची बस पोरांना गावभरच्या पाळणाघरांत पोचवते, संध्याकाळी परत स्टेशनजवळ आणते. स्टेशनजवळची पाळणाघरं भरलेली आणि लांबची रिकामी, हा तिढा एका बसने सुटला. "आई व्हायचं तर नागारेयामात" अशी जाहिरात त्यांनी टोकियोच्या स्टेशनांवर लावली. २००५ मध्ये दीड लाख असलेली वस्ती २०२१ मध्ये दोन लाखांवर गेली, तीही देशाची लोकसंख्या घटत असताना.

जमाखर्च :

सुमेध, योजना झकास आहे, वाद नाही. पण देशात पोरं वाढली नाहीत, नागारेयामात वाढली. म्हणजे ती कुठल्या तरी दुसऱ्या गावच्या खात्यातून वजा झाली. प्रत्येक पालिकेने बस काढली तर?

दुसरं, तिशीतली माणसं एकदम आणून भरली. शाळा कमी पडल्या, नव्या बांधाव्या लागल्या. २०४५ मध्ये हीच माणसं कुठल्या वयाची असतील? टेकडीवरच्यांचा पहिला प्रतिसाद पुन्हा वाचा.

ऋतुपर्ण :

एका दमात न भरता बदललेलं एक गाव सांगतो. लॉस एंजलिसच्या पूर्वेचं माँटेरी पार्क. सत्तरच्या दशकात गोऱ्या मध्यमवर्गाची पोरं निघून गेली होती, मुख्य रस्ता मरगळलेला. फ्रेडरिक शे या घर-जमिनीच्या दलालाने तैवान-हाँगकाँगच्या वर्तमानपत्रांत जाहिराती दिल्या, "चिनी बेव्हर्ली हिल्स" म्हणून. १९९० च्या जनगणनेत आशियाई लोक अर्ध्याहून जास्त. बँका, दवाखाने, दुकानं, जमिनीचे भाव सगळं वर गेलं.

पण भांडणंही तेवढीच झाली. पाट्या इंग्रजीतच हव्यात म्हणून ऐंशीच्या दशकात रणकंदन. पैसा येत होता, पट्टी भरली जात होती, तरी जुन्यांना आपलं गाव हातचं गेलं असं वाटत होतं. आर्थिक कल वर आणि लोकांची मनं खाली, असंही होतं. ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

अवकाळी :

आपल्याकडचे आकडे काय म्हणतात? की सगळं परदेशीच चालू राहणार?

टेकडीवरचा :

मुद्दाम चक्र पूर्ण झालेली उदाहरणं घेतली होती. आपल्याकडे ते अजून पहिल्या फेरीत आहे. २००१ ते २०११ मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली आणि जुन्या, अविभाजित ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. त्याच दशकात देशातली 'जनगणना शहरं' १,३६२ वरून ३,८९४ झाली. जिथं वस्ती किमान पाच हजार, घनता चौरस किलोमीटरला किमान ४०० आणि कामकरी पुरुषांतले निदान ७५ टक्के शेतीबाहेर, ते जनगणना शहर. पण कारभार ग्रामपंचायतीचाच. शहराची वस्ती आणि गावाची तिजोरी. जमाखर्चकाकांना यावर स्वतंत्र धागा काढता येईल.

मीनल_ :

आपल्या गावाचं वय कसं ओळखायचं? सरासरी वय बघितलं तर चालेल?

टेकडीवरचा :

सरासरी फसवते. निम्मे पासष्टीचे आणि निम्मे पाच वर्षांचे असले तरी सरासरी पस्तीसच येईल, आणि गावात पस्तिशीचं कोणी नसेल.

पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचा तक्ता घ्या, दोन जनगणनांचा. मग तिरकं वाचा. पहिल्या जनगणनेत १० ते १४ चे जेवढे होते, ते दहा वर्षांनी २० ते २४ मध्ये असायला हवेत. तिथं दोन हजारांचे बाराशे झाले असतील तर निदान आठशे तरी गाव सोडून गेले, कारण या वयात मृत्यू फार थोडे. मग २५ ते २९ चे दहा वर्षांनी ३५ ते ३९ मध्ये वाढलेत का ते बघा. वाढले असतील तर कुटुंबं येतायत. आणि ० ते ४ चा गट ५ ते ९ पेक्षा लहान होत चालला असेल तर नवीन शाळेचं उद्घाटन करणाऱ्याला तो तक्ता जरूर दाखवा.

सुलभाताई :

हे तिरकं वाचणं करून बघेन. कावेरी, एक राहिलं. सुवामध्ये पाडापाडी चालली होती तेव्हा ६४० घरांतली म्हातारी माणसं राहिली कुठं? मला त्याच वयाची म्हणून विचारावंसं वाटतं. दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, तीही ऐंशीव्या वर्षी, आणि संमतीच्या कागदावर सही करताना परत येऊ की नाही याची खात्री नाही. त्या पाचातल्या एकाने सही केली नाही तर मी त्याला आडमुठा म्हणणार नाही.